दारातली सेवा

"आडनाव काय तुमचं?" त्यानं विचारलं.

मी सांगितलं. तो हसला. "मग तुम्हाला काय अवघड? सेवा समजा."

शहरातल्या कुठल्याशा मंडळाचा पुढारी. गळ्यात बिल्ला. त्याच्या माणसांनी आमच्या न्हाणीच्या भिंतीला लागून घाण केली होती. ती दाखवायला त्याला नेलं, तर हे उत्तर.

आमचं घर पळसदेवला, हायवेला चिकटून. कोजागिरीला तुळजापूरला चालत जाणारी माणसं दारावरनंच जातात. पूर्वी थोडी असायची. पाणी प्यायची, ओट्यावर टेकायची, आईच्या पाया पडून पुढं जायची. आता नुसता लोंढा. पुढं टेम्पोवर कर्णे, मागं पत्रावळ्या न् बाटल्या. फिरती शौचालयं फाट्यावर उभी असतात. तिथवर कोण जातो?

वडील गावाची झाडलोट करायचे. मी मासळीच्या टेम्पोवर ड्रायव्हर. तरी दरवर्षी ती घाण मीच उचलायचो, घरचे उठायच्या आत. देवीची माणसं, सेवा घडते, असं म्हणायचो. खरं सांगायचं तर भ्यायचो.

त्या सकाळीही मान हलवली. "व्हय दादा," म्हणालो. वर हसलो. ते हसू अजून तोंडाला चिकटल्यासारखं वाटतं.

तेवढ्यात माझी मुलगी आली. बारावीला आहे. हातात खोरं. तिला कुणी सांगितलं नव्हतं. घाण उचलायला वाकली.

मी तिला हे कधी शिकवलं नव्हतं. माझ्याकडं बघून शिकली. सगळ्यांच्या आधी उठून मी कुणापासून लपवत होतो?

खोरं तिच्या हातातनं घेतलं. त्या माणसापुढं धरलं.

"उचला."

"अहो, आम्ही अनवाणी चाललोय देवीला."

"हात तर मोकळं हायती की."

त्याच्याच मंडळातली एक बाई फिसकन हसली. मागनं कुणीतरी म्हणालं, "लई माजलेत हे."

मी खोरं खाली घेतलं नाही. शेवटी त्यानं उचललं. नाकाला उपरणं लावून, शिव्या पुटपुटत.

मुलगी शाबास म्हणाली नाही. "मग एवढी वर्सं का उचललं, आप्पा?" एवढंच.



येत्या कोजागिरीला पाण्याचं पिंप भरून दारात ठेवणार. मागेल त्याला पाणी. पिंपाला खोरं टेकवून ठेवणार.

ते आमच्यासाठी नाही.