धुरावरून मोजलेलं गाव

सीताबर्डीवर एका कापड दुकानाच्या वरच्या मजल्यावर आमचं अर्थसंशोधन केंद्र होतं. सत्तरच्या दशकाची सुरुवात असेल. आम्ही खेडोपाडी पाहणी करायची, अहवाल लिहायचा, तो मुंबईला सरकारकडे जायचा आणि तिकडून हुकूम निघायचे. बायकांशी बोलायला बाई हवी म्हणून मला घेतलेलं. सक्करदऱ्याहून सायकलवर यायची मी, आणि जिभेला हाड नाही म्हणून ऑफिसात माझी ख्याती होती.

आमच्या संचालकांची एक पद्धत होती. गावकरी घरं वाढवून सांगतात असं त्यांचं ठाम मत. म्हणून सांजेला जीप गावाबाहेरच्या टेकाडावर उभी करायची आणि कोणत्या घरातून चुलीचा धूर निघतो ते बघायचं. धूर निघाला तर घर नांदतं, नाही तर ओसाड. "माणूस खोटं बोलतो, धूर बोलत नाही," असं ते चहा पिता पिता सांगायचे. साहेबांना जन्मात कधी चूल पेटवावी लागली नव्हती, हे उघडच होतं.

बुटीबोरीच्या पुढे आडवाटेला माझ्या मावशीचं गाव. तिचा नवरा, आमचे मावसाजी, एका दुपारी शेतातच गेले. निरोप आला तशी मी एस.टी.नं पोचले. पुरुषमंडळी मयत घेऊन नाल्यावर गेलेली, बाया मावशीभोवती बसलेल्या. आमच्याकडे गावात मयत झाली की अंत्यविधी उरकेपर्यंत कुणाच्याच घरी चूल पेटत नाही. अंधारून आलं, पोरं भुकेनं कुरकुरत होती, तरी कुणी काडी ओढली नाही. मध्येच टेकाडावर एक गाडी थांबल्याचा आवाज आला. थोड्या वेळानं ती निघून गेली.

ती आमचीच जीप होती. तेरवी करून कामावर परतले तेव्हा अहवाल गेलेला होता, आणि धूर दिसला नाही म्हणून त्यात मावशीचं अख्खं गाव ओसाड ठरलेलं होतं. मी संचालकांच्या खोलीत जाऊन भांड भांड भांडले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. "एखाद्या गावानं निष्कर्ष बदलत नाही," म्हणाले, "आणि आता तो सरकारचा कागद झाला." माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण करते काय.

पुढे हुकूम निघाला. ओसरत्या गावांतल्या शाळा मोठ्या गावांत हलवायच्या. मावशीच्या गावचे मास्तर ट्रंक घेऊन गेले. मग लेकरंवाली घरं गेली, मग त्यांच्या मागं म्हातारे. दर खेपेला जाऊन बघावं तर आणखी दोन-चार दारांना कुलूप. कागदात लिहिलं होतं तसं गाव होत चाललं होतं. आधी लिहिलं कुणी आणि मग घडवलं कुणी, हा विचार माझा पिच्छा सोडेना. धुराची गोष्ट मी मावशीला सांगितली होती; ती मात्र एकच बोलायची, "माह्या माणसाच्या मरणानं गाव मेलं वं. मी जित्ती हाय तंवर गाव नांदते असं पुन्हा लिवून घेईन."

काही वर्षांनी फेरपाहणी निघाली तेव्हा गावात मावशी एकटीच उरली होती. ज्या गावांना सरकारनं यापुढं काहीच द्यायचं नाही, त्यांची नावं आता पक्की व्हायची होती. संचालक तेच, पद्धत तीच. नवा सहकारी आणि मी सांजेला त्या टेकाडावर उतरलो. मी खाली पाहिलं. घराघरातून धूर वर चढत होता. पण कुत्रं भुंकत नव्हतं, ढोरांना कुणी हाकारत नव्हतं, पोराचं रडं नाही की भांड्याचा आवाज नाही. नुसता धूर.

सहकारी मोजत बसला. मी खाली उतरले. पहिल्या घराला दारच नव्हतं. आत कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्या तडतडत जळत होत्या, चुलीवर भांडं नव्हतं. पुढच्या घराचं छप्पर अर्धं बसलेलं, तिथेही चूल पेटलेली, पुढ्यात कुणी नाही. मास्तरांच्या खोलीतही तेच. मी हाक मारायला तोंड उघडलं, पण खरंच कुणी ओ देईल या भीतीनं मिटून घेतलं.

गल्लीच्या वळणावर मावशी दिसली. हातात खापर, खापरात इस्तो, केसांत राख. निखारे फुंकत ती एका दारातून निघून दुसऱ्या दारात शिरत होती. मला बघून थांबली, धापा टाकत होती.

"कोतवालानं सांगतलं जीप येते म्हणून. सकायपासून पऱ्हाट्या वाहून राहिली मी. साऱ्याईच्या घरी पेटवली. आता सांग तुह्या साहेबाले, गाव नांदून राहिलं म्हणा."

मला रडू आलं. मी तिचा हात धरला, तो पोळलेला होता.

तेवढ्यात सहकाऱ्यानं टेकाडावरून आवाज दिला, "बाई, झालं मोजून. सगळी घरं नांदती आहेत. ते लिंबाखालचं एक तेवढं ओसाड दिसतं."

लिंबाखाली मावशीचं घर होतं.

"काहून वं, माहीच राह्यली काय?" ती म्हणाली आणि खापरात फुंकर घालू लागली. इस्तो विझला होता.