लाल भारी की काळी?

लाल गाडीच्या पोटाखाली पट्टी सरकवून मी अंतर मोजत होतो. दोन्ही व्याही माझ्या डोक्यावर वाकून उभे होते.

“लवकर सांगा, साहेब,” धर्माशेट म्हणाले. “भारी कोनाची?”

ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. पनवेलला मी मोटार सर्व्हेअर होतो. गाडी आपटली की इन्शुरन्स कंपनीसाठी नुकसान तपासायचं, हे माझं काम. रोजचा संबंध ट्रक-टेम्पोंशी. पण उरण रोडच्या आतल्या एका गावात जमिनींचा मोबदला आला आणि धर्माशेटनी परदेशी स्पोर्ट्स कार आणली. लाल. जगात अशा मोजक्याच आहेत, असं विकणाऱ्याने सांगितलेलं. पाठोपाठ त्याच गावातल्या कान्हाशेटनी काळी आणली. तिच्याबद्दलही तेच सांगितलेलं. बहुधा विकणारा एकच असावा.

दुर्मिळ गाड्या जमवणारे म्हणून दोघेही स्वतःला कलेक्टर म्हणवत. गावातल्या म्हाताऱ्यांचा गोंधळ व्हायचा. त्यांना माहीत असलेला कलेक्टर जमिनी न्यायचा.

धर्माशेटचा मुलगा आणि कान्हाशेटची मुलगी यांचं लग्न ठरलं होतं. अडलं ते वरातीच्या गाडीवर.

“काली नाय, तं लगीन नाय,” कान्हाशेटनी जाहीर केलं. मुलगी दोन दिवस जेवली नव्हती. शेवटी मी सांगेन ते मान्य, असं ठरलं. दोघांच्या ट्रकांचे क्लेम माझ्याकडेच असत. एकाला वर ठेवलं की दुसरा क्लायंट गेलाच.

मी तपासणी सुरू केली. लाल गाडीचं इंजिन ड्रायव्हरच्या पाठीमागे. सुरू केल्यावर अंगणातल्या कोंबड्या पसार झाल्या. काळीला टर्बो, म्हणजे बाहेर जाणाऱ्या धुराच्या जोरावर इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा. कोंबड्या आधीच गेलेल्या असल्यामुळे आवाजाची तुलना झाली नाही.

मग ग्राउंड क्लिअरन्स, म्हणजे गाडीचं पोट आणि रस्ता यांतलं अंतर. काळी बोटभर उंच निघाली.

“बगा!” कान्हाशेट ओरडले.

“चालवून दाखवा,” मी म्हणालो.

वरातीच्या वाटेने देवळापर्यंत जायचं होतं. लाल गाडी पहिल्याच खड्ड्यात पोटावर बसली. मागची चाकं फिरत राहिली. काळीने तो खड्डा ओलांडला आणि दुसऱ्यात बसली. ट्रॅक्टरने दोन्ही ओढून काढल्या.

मुलीची आई, यमुनाबाई, ओट्यावरून बघत होत्या. “माजी पोर खड्ड्यान बसून सासरला जानार काय?” त्यांनी विचारलं.

मी संधी साधली. “दोन्ही गाड्या पास. रस्ता नापास.”

कोणीच हरलं नव्हतं, त्यामुळे दोघेही खूश झाले. ज्या रस्त्यासाठी गाव वर्षानुवर्षं अर्ज करत होतं, तो दोघांनी आपापल्या दारापासून देवळापर्यंत स्वतः करून घेतला. कोणाचं डांबर जाड, यावर पुन्हा चुरस. मला मोजायला बोलावलं. मी तापाचं निमित्त सांगितलं.

वरातीला दोन्ही गाड्या निघाल्या. दोन सीट, एकीवर ड्रायव्हर, म्हणून नवरा लालमध्ये आणि नवरी काळीत. पुढे बँजो पार्टी. वाऱ्याच्या वेगासाठी बनवलेल्या गाड्या नाचणाऱ्यांच्या मागे रांगत राहिल्या आणि देवळाच्या अलीकडे इंजिन तापून दोघींनी वाफ सोडली. नवरा-नवरी उतरली, एकमेकांकडे बघून हसली आणि नव्या डांबरावरून चालत देवळात गेली.

पुढे त्या रस्त्याने एसटी सुरू झाली. दोन्ही गाड्या मात्र ताडपत्रीखाली गेल्या. त्यांतली भारी कोणती, ते मला आजही सांगता येत नाही. त्यानंतर कोणी गाड्यांची तुलना करायला बोलावलं, की मी आधी त्यांच्या दारातला रस्ता बघून येत असे. निम्म्या वेळा बॉनेट उघडायची गरजच पडली नाही.