मागची गादी

निजामाच्या राज्यात मी जनावरांचा डॉक्टर होतो. गावोगाव फिरायला जुनी फटफटी घ्यावी म्हणून तिथल्याच वाशी गावाला गेलो. विकणारा म्हातारा एकटाच राहायचा. नजर कमी झाल्यामुळं तो गाडी काढून टाकत होता. गाडी कुठं पडली, इंजिन कुणी खोललं, सगळं तो मी विचारण्याआधीच सांगत होता आणि सांगताना टाकीवरून तळहात फिरवत होता.

पण मी पडलो संशयी. पुढची गादी झिजून चिरली होती आणि मागची मात्र कोरी करकरीत.

"ही आत्ता बदलली का?"

"न्हाय. गाडीबरोबरचीच हाय ती. मागं बसाय कुणी न्हवतंच की."

सौदा ठरला. आमच्याकडं बैल विकला तरी त्याचं दावं विकणारा स्वतःकडं ठेवतो. म्हणून मी गमतीनं विचारलं, "मग, गाडीचं काय ठेवून घेताय?"

तो गाडीकडं बघत राहिला. "ठिवायचं काय न्हाय. तेवढं मला मागं बसवून येशीपतूर न्या."

बसण्याआधी त्यानं धोतराच्या सोग्यानं ती गादी पुसली.

वेशीत मी गाडी थांबवली, इंजिन बंद केलं. माझ्या खांद्यावरचे त्याचे हात मात्र लवकर निघाले नाहीत.