मन्नूबियाने गाळलेली वाक्यं

सोंदोस तीन वर्षांची असताना तिला मेंदूज्वर झाला. आठव्या दिवशी ताप उतरला, लेकरू वाचलं म्हणून तिच्या आईने, मन्नूबियाने, गल्लीभर बदामाचं सरबत वाटलं. पुढच्याच आठवड्यात तिच्या हातून पितळेची परात फरशीवर पडली. शेजारच्या घरातलं तान्हं दचकून रडायला लागलं. सोंदोस मात्र पाठमोरी बसून ऑलिव्हच्या बिया रांगेत मांडत राहिली. मन्नूबियाने परात उचलली आणि मुद्दाम पुन्हा आपटली. तिसऱ्यांदा आपटायची तिची छाती झाली नाही.

त्यानंतर छत्तीस वर्षं ती लेकीचे कान झाली. त्यांच्या स्फाक्स शहरात बहिऱ्या मुलांची शाळा होती. तिथे सोंदोस लिहा-वाचायला शिकली, हातांची भाषा शिकली, आणि रोज संध्याकाळी घरी येऊन तिने ती आईला शिकवली. मन्नूबियाला स्वतःला एक अक्षर वाचता येत नव्हतं. हातांची भाषा मात्र तिला अशी आली, की बाजारात भाजीवाल्याशी तोंडाने घासाघीस चालू असताना हात लेकीला सांगत असत, ‘हा खाली सडके टोमॅटो घालतोय.’ दवाखाना, लग्नघर, नगरपालिका, कुठेही जायचं तर दोघी मिळून. लोक एकीला बघितलं की दुसरीला शोधत.

पण मन्नूबिया सगळं सांगत नसे. रवा चाळावा तसं ती बोलणं चाळायची. नणंद जलीला एका लग्नात म्हणाली होती, “वहिनी, पोरीला रूप दिलं देवाने पण नशीब द्यायचं राहूनच गेलं बघा.” मन्नूबियाचे हात सोंदोसला म्हणाले, ‘आत्याला तुझ्या कपड्याचा रंग आवडला.’ सोंदोस जोड्यांच्या कारखान्याचं शिवणकाम करायची, कधी तिथे, कधी घरी यंत्रावर; तिथला मुकादम म्हणाला, “बहिऱ्या बाईला बरं, गप्पांत वेळ जात नाही.” हात म्हणाले, ‘तुझी शिलाई चांगली आहे म्हणतो.’ यात आपण खोटं बोलतोय असं तिला कधी वाटलंच नाही. काटा काढून मासा वाढतात, तितकंच.

एक गोष्ट मात्र निराळी होती. अकरा वर्षांपूर्वी कारखान्यातली यंत्रं दुरुस्त करायला महरेस गावचा एक वायरमन येत असे, लसाद नावाचा. सोंदोसशी बोलता यावं म्हणून तो हातांचे वीस-पंचवीस शब्द शिकला. मग एका शुक्रवारी त्याची आई खजुराच्या वड्यांचं ताट घेऊन घरी आली. बाई सरळ होती. मुलाच्या मनात आहे, आमची ना नाही, एवढंच की लग्नानंतर पोरगी महरेसला राहील, आणि मूल झालं तर ते बोलायला लागेपर्यंत मी सांभाळीन, असं तिने सांगितलं. मन्नूबियाने दोन दिवस मागून घेतले. नवरा हमीदा जाऊन तेव्हा बरीच वर्षं झाली होती. विचारायला कुणी नव्हतं. तिसऱ्या दिवशी तिने नकार कळवला. सोंदोसला सांगितलं, त्यांनी नात्यातली मुलगी बघितली. सोंदोसने मान हलवली आणि शिवणयंत्रावर जाऊन बसली.

पुढे फोन आले. बोललेलं लिहून दाखवणारं काहीतरी त्यात असतं, हे सोंदोसला तिच्या शाळेच्या मैत्रिणींकडून कळलं. सुरुवातीला त्या फोनला फक्त बातम्यांतलं पुस्तकी अरबी समजायचं. वाणी आपल्या बोलीत म्हणाला, अंडी संपली, तर फोनवर उमटलं, मंत्री परतले. मन्नूबिया हसून हसून पायरीवर बसली. मनातून तिला बरंही वाटलं. दोन वर्षांनी मात्र फोन आपली बोली शिकून आला. आता वाणी काय म्हणाला, वाण्याची बायको आतून काय म्हणाली, आणि त्यावर वाणी पुटपुटला ते काय, सगळं सरळ ओळीत उमटू लागलं.

पहिल्यांदा सोंदोस एकटी दवाखान्यात गेली तो दिवस मन्नूबियाला लांबच्या लांब गेला. तिने दोनदा ओटा पुसला. शेजारीण म्हणाली, “आता तरी सुटलीस मावशी, बैस जरा.” ती बसली, आणि बसून काय करायचं ते तिला कळेना. दुपारी सोंदोस आली ती हातांनी बोलतच. डॉक्टरांनी पित्ताच्या गोळ्या दिल्यात, आणि त्यांचं बायकोशी भांडण झालंय, तेही फोनने लिहिलं. मन्नूबिया हसली. डॉक्टरांना एखादा प्रश्न विचारायचा राहिला का, हे मात्र तिला त्या दिवशी लेकीला विचारवलं नाही.

मग जलीलाच्या नातीचा साखरपुडा आला. सोंदोसने फोन टेबलावर पाण्याच्या बाटलीला टेकवून ठेवला, आणि मन्नूबिया ताट सोडून जलीलाच्या तोंडाकडे बघत राहिली. जलीलाला गप्प बसवणं कुणाच्या हातात नव्हतं. व्हायचं तेच झालं. सोंदोसने वाचलं, आणि ती चक्क खुदकन हसली. घरी येताना रस्त्यात थांबून तिने आईला विचारलं, ‘तुला काय वाटतं, मला माहीत नव्हतं? आत्या तोंड वाकडं करून बोलायची आणि तुझे हात म्हणायचे, रंग छान आहे. इतक्या वर्षांत तिला माझा प्रत्येक रंग कसा आवडला?’

मन्नूबियाने लेकीच्या खांद्यावरून नसलेला दोरा काढला.

तिला एक सवय होती, सगळ्या गल्लीला ठाऊक असलेली. घरात सोंदोस पाठमोरी यंत्रावर बसलेली असली की ती मागे ओट्याशी मोठ्याने बोलत राही. देवाशी, मेलेल्या नवऱ्याशी, माशाशी, लेकीच्या पाठीशी. ऐकणारं कुणी नाही, म्हणून मनात येईल ते येईल तसं.

हिवाळ्यातली दुपार होती. ती बोई मासे साफ करत होती. सोंदोसचा फोन मागच्या फळीवर चार्जिंगला लावलेला होता. सकाळी कारखान्याचा माणूस चामड्याचं बोलायला येऊन गेला, तेव्हापासून त्याचं ऐकून लिहिणं चालूच राहिलं होतं. मन्नूबियाला ते ठाऊक असण्याचं कारण नव्हतं. जेवणाच्या सुमारास सोंदोसने फोन उचलला, बोटाने मागे मागे सरकवत नेला, आणि उभीची उभीच राहिली. मग तिने आईला हाताला धरून वळवलं आणि फोन तिच्यासमोर धरला.

मन्नूबियाला नुसत्या ओळी दिसल्या. “काय आहे ते?” तिने विचारलं. तिचं हे वाक्यसुद्धा खाली उमटलं.

सोंदोसने फोन तेलाच्या डब्याला टेकवला, कारण काही गोष्टी सांगायला दोन्ही हात लागतात. आणि ती वाचून आईला सांगू लागली, तिचंच बोलणं, एकेक वाक्य. ‘पोरीचे केस पातळ व्हायला लागले, हमीदाकडचे केस. आजच्या माशाला वास आहे. लसादची आई वारली म्हणे, चांगली बाई होती. तिने हो म्हटलं होतं. नाही मी म्हटलं. माझ्या पोरीला खोटं सांगितलं. देवा, तिला पाठवून मी या घरात कुणाशी बोलणार होते.’ शेवटपर्यंत सांगून तिने हात खाली घेतले. एकही शब्द गाळला नव्हता.

मन्नूबियाच्या बोटांना माशाचे खवले चिकटले होते. त्या हातांनी तिने काही सांगायला सुरुवात केली आणि अर्ध्यातच सोडून दिली.

पाच दिवस सोंदोसचे हात बोलले नाहीत. त्या घरात भांडण म्हणजे हेच, हात मांडीवर. ती वेळेवर जेवायची, ताट उचलायची, यंत्रावर बसायची. मन्नूबियाही बोलेनाशी झाली. आता तोंडून काय निघेल आणि कुठे उमटेल, याची तिला धास्ती बसली होती. पण त्याहून मोठी गोष्ट ही, की बोलायलाच काही उरलं नव्हतं. सहाव्या दिवशी तिने सोंदोसच्या आवडीचं ऑक्टोपसचं कालवण केलं, वाडगा यंत्राशेजारी ठेवला आणि समोर जाऊन उभी राहिली. तिच्या हातांनी विचारलं, ‘तुला लसाद हवा होता का?’

सोंदोसने यंत्र थांबवलं.

‘माहीत नाही,’ ती म्हणाली. ‘कदाचित मीही नाहीच म्हटलं असतं. फार बडबड्या होता, हातांनीसुद्धा. आणि मूल मी कुणाला दिलं नसतं. पण तो नकार माझा होता, उम्मी. तू माझ्या वाटणीचा नकार देऊन टाकलास.’

मन्नूबिया रडली. सोंदोसने तिला रडू दिलं, तेवढ्यात कालवणही खाल्लं. मग तिने एक खुर्ची ओढून आपल्यासमोर ठेवली, फोन दोघींच्या मध्ये ठेवला आणि आईला बसवलं.

‘आता सांग. पहिल्यापासून. कोण काय म्हणालं ते सगळं.’

“छत्तीस वर्षांचं?”

फोनवर ते वाचून सोंदोस म्हणाली, ‘मी कुठे चाललेय?’

त्या हिवाळ्यात दुपारचं जेवण झालं की दोघी अशा बसत. मन्नूबिया तोंडाने सांगे, कारण हातांनी सांगताना ती अजूनही गाळेल अशी सोंदोसला खात्री होती. जलीलाचे टोमणे निघाले, त्यांवर सोंदोस पोट धरून हसली. शाळेतल्या एका बाईंनी म्हटलेलं एक वाक्य निघालं, त्यावर दोन दिवस घुमी राहिली. काही गोष्टी मन्नूबिया विसरली होती, त्या सोंदोसने आठवण करून दिल्या: अमक्या दिवशी तुझा चेहरा पडला होता, तेव्हा काय झालं होतं?

एकदा हमीदाचा विषय आला. तो मासेमारीच्या बोटीवर होता, सोंदोस चौदा वर्षांची असताना गेला. मन्नूबिया म्हणाली, तो रोज दारातून तुला हाक मारायचा. आणि तिने ती हाक म्हणून दाखवली, फरतत्तू. फोनने भलतंच काहीतरी लिहिलं. सोंदोसने कपाळाला आठ्या घातल्या. मन्नूबियाने पुन्हा म्हटलं, फोनने आणखी निराळं लिहिलं. शेवटी तिने दोन्ही अंगठे एकमेकांत अडकवले आणि बोटं पंखांसारखी हलवली. फुलपाखरू.

‘मला म्हणायचे? रोज?’

“रोज. तू पाठमोरी असलीस तरी. मी म्हणायचे, अरे, तिला ऐकू येत नाही. तर म्हणायचा, ते मला माहीत आहे, पण घराला तर येतं. तुला सांगितलं नाही. ऐकू न आलेली हाक सांगून काय उपयोग, वाईट वाटेल, म्हणून.”

सोंदोसने ते वाचून विचारलं, बाबांचा आवाज कसा होता. मन्नूबियाने विचार करून सांगितलं, जाड, आणि त्यात नेहमी थोडा खोकला. सोंदोसने ते स्वतःच्या हातांनी एकदा म्हणून बघितलं, जाड, थोडा खोकला, आणि फोन बंद करून ठेवला.

वसंतात सोंदोस तीन महिन्यांसाठी सूस शहरात गेली, संगणकावर चामडं कापायचं यंत्र शिकायला. कारखान्याने तिलाच निवडलं होतं, आणि यावेळी हो तिने स्वतः म्हटलं, आईला नंतर कळवलं. स्थानकावर मन्नूबियाने तिकीटबाबूला पोरीबद्दल काही सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. सोंदोसने फोन पुढे करून तिकीट काढलं.

आता रोज संध्याकाळी मन्नूबिया सोंदोसने घेऊन दिलेला फोन ओट्यावर उभा करते आणि पडद्यावर लेक येते. वाचता न येणारी आई आणि ऐकू न येणारी लेक, दोघींना फोनवर बोलता येईल असं तिला जन्मात वाटलं नव्हतं. ती भराभरा सांगू लागते: जलीलाचा गुडघा, भाजीवाल्याचे टोमॅटो, शेजारणीची सून. सोंदोस पडद्यातून तिला थांबवते.

‘उम्मी, मागे सरक. नुसतं नाक दिसतंय, हात दिसत नाहीत.’

मन्नूबिया दोन पावलं मागे सरकते आणि पुन्हा पहिल्यापासून सुरू करते.