धोंडू मिस्त्रींचा नकार

आमच्या तळा गावात नवी लॉरी आली की सगळे तिचे दिवे आणि भोंगा बघायला जमत. धोंडू मिस्त्री मात्र खांद्यावरचं फडकं जमिनीवर अंथरत आणि उताणे होऊन थेट गाडीखाली शिरत. खालूनच त्यांचा आवाज येई, "तोंडाला काय भुलताव? वझं पाठीवर बसतं."

ते घराण्याचे लोहार. बैलगाड्यांच्या चाकांना लोखंडी धावा बसवता बसवता ते मोटारी शिकले. मी सुतार. त्या काळी मुंबईहून नुसती चेसिस यायची, म्हणजे सांगाडा, इंजिन आणि चाकं. वरची लाकडी बॉडी मी बांधायचो. आम्ही दोघंही शेटच्या पदरी होतो.

शेटकडे दोन लॉऱ्या होत्या. एक भारी. तिच्या सांगाड्याच्या लांब पट्ट्या वीतभर उंच, आडव्या पट्ट्या पाच, कमानपाटे, म्हणजे स्प्रिंगा, जाड आणि मागे दुहेरी चाकं. दुसरी हलकी, म्हणजे मोटारीचाच सांगाडा ताणून लांब केलेला. तिच्या पट्ट्या जेमतेम चार बोटं. सपाटीला दोघी सारख्याच पळत, म्हणून शेटनं फर्मावलं, "धोंडू, हिच्यावरही तीस माणसांची बाकं बसव."

"बारा माणसं, शेट. तेरावं न्हाय."

"इंजिन चढ ओढतंय ना?"

"ओढतंय इंजिन, झेलतो सांगाडा. घोड्याचं काळीज घातलं म्हणून शेळीची पाठ घोड्याची होत न्हाय."

मग शेटनं मला विचारलं. नोकरी जाईल या भीतीनं मी हो म्हणालो आणि तीस जणांची बाकं ठोकली. मिस्त्रींनी मला बोल लावला नाही. एवढंच म्हणाले, "विष्णू, निदान लाकूड तरी हलकं घाल."

पहिलीच खेप म्हसळ्याला जाणाऱ्या लग्नाच्या वऱ्हाडाची होती. सगळे चढून बसले होते. मिस्त्री आले आणि त्यांनी हात जोडून सर्वांना खाली उतरवलं. सांगाड्याच्या कडेला, पुढून मागपर्यंत, त्यांनी एक सुतळी ताणून बांधली. "आता बसा," म्हणाले. माणसं बसली तशी पट्टी मधोमध सुतळीच्या खाली बोटभर वाकली. मिस्त्रींनी नवऱ्यामुलाच्या आजीला वाकून ते दाखवलं.

"आये, हा सपाटीचा वाक हाय. घाटात काय व्हईल?"

म्हातारीनं एकदा सुतळीकडे, एकदा मिस्त्रींकडे बघितलं. "उतरा रे सगळी!" ती ओरडली.

शेजारी भारी लॉरी भाताची पोती भरून उभी होती. वऱ्हाडानंच ती पोती उतरवली आणि स्वतः तिच्यात बसलं. शेट संतापले. "उद्यापासून कामावर येऊ नकोस," ते मिस्त्रींना म्हणाले आणि सगळी पोती हलक्या लॉरीत चढवायला लावली. "निम्मीच घाला," मिस्त्री जाता जाता म्हणाले. कुणी ऐकलं नाही.

हलकी लॉरी पुढं निघाली. घाटातल्या दुसऱ्या वळणावर ड्रायव्हरच्या पाठीमागे पट्टी मोडली. ड्रायव्हरनं उडी मारली म्हणून वाचला. लॉरी भातासकट दरीत गेली. मागून येणाऱ्या वऱ्हाडानं ते डोळ्यांनी पाहिलं.

दुसऱ्या दिवशी शेट पायी मिस्त्रींच्या दारात आले. आजवर अरेतुरे करणारा तो माणूस म्हणाला, "धोंडू मिस्त्री, यापुढं गाडीत किती चढवायचं ते तुम्ही सांगायचं." मिस्त्रींनी त्यांना पाणी दिलं आणि विचारलं, "ड्रायव्हर बरा हाय ना?"

पुढं सात-आठ वर्षं त्यांचाच शब्द चालला. त्यांनी पास केलेली गाडी एकदाही घाटात खचली नाही. मग मुंबईच्या एका मोठ्या कारखान्यानं त्यांना बोलावून घेतलं. धरमतरच्या धक्क्यावर मी त्यांना पोचवायला गेलो. बोटीवर चढताना ते म्हणाले, "आता न्हाय म्हणायचं काम तुझं, विष्णू."

आठच दिवसांत शेटचा जावई आला. नव्या लॉरीत आणखी दोन बाकं बसवून हवी होती त्याला. मी गाडीखाली जाऊन बघितलं, बाहेर आलो, हात पुसले.

"होणार नाही," मी म्हणालो.