तांब्यावरचा पेला

माझी लेक नांदेडला, जुन्या गावातल्या एका दगडी माळवदाच्या घरात राहते. लग्न होऊन दीड वर्ष झालं तरी मी त्या घराचा उंबरा ओलांडला नव्हता. चार वेळा गेले, चारही वेळा बाहेर ओट्यावर बसून चहा प्यायले आणि ओट्यावरूनच परत आले.

कुणी विचारलं तर कारण तयार होतं. "नातवंड होईपर्यंत लेकीच्या घरचं पाणी पिऊ नये, आमच्यात तशी रीत आहे." रीत खोटी नव्हती, माझ्या आजीनं ती पाळलेली मी पाहिली होती. पण मी लातूरला एकतीस वर्षं शाळेत शिकवलं, आणि असल्या रीतींवर पोरांपुढं भाषणं ठोकली. स्वतःवर वेळ आली तेव्हा त्याच रीतीच्या पदराआड जाऊन बसले. जावई विष्णुपुरीकडच्या कॉलेजात शिकवतात. स्वभावानं गरीब. ते एकदा भीतभीत म्हणाले, "पण आई, चहातही पाणी असतंच की." मी म्हणाले, "ते उकळलेलं असतं."

शेजारच्या घरात एक म्हातारी खाला राहते. ती मला दर खेपेला ओट्यावर बघायची. चौथ्या वेळी तिला राहवलं नाही. "क्या बाई, काही मन्नत हाय का? आत जातच न्हाई तुम्ही." मी मान हलवली. ती हो होती की नाही, ते माझं मलाच ठाऊक नाही.

खरं कारण मी कुणालाच सांगितलं नव्हतं. माझं माहेर निलंग्याकडचं. भूकंप झाला त्या पहाटे मी माहेरी होते. आदल्या दिवशी गणपती बोळवले होते, घरात उकडत होतं म्हणून आम्ही सगळ्यांनी अंगणात अंथरुणं टाकली. एवढ्यानं आमचं घर वाचलं. घर म्हणजे माणसं. भिंती सगळ्या बसल्या. समोरच्या घरातली माणसं आत झोपली होती. दोन हात रुंद दगडी भिंती आणि वर माळवदाची कमरेइतकी माती. त्यांच्याबद्दल मी जास्त लिहीत नाही.

त्यानंतर मी दगडाच्या भिंतीवर माळवद असलेल्या घरात कधी गेले नाही. लातूरला सिमेंटचं घर केलं, त्याचे खांब ओतताना गवंड्याच्या डोक्यावर उभी राहिले. कुठंही गेले की मी आधी दार कुठं आहे ते बघते. लग्नाच्या हॉलमध्ये माझी जागा दारापाशी. आणि झोपताना उशाशी पाण्याचा तांब्या, त्यावर पालथा पेला, पेल्यावर वाटी आणि वाटीत दोन चमचे. जमीन हलली की आधी ते वाजणार, आणि आपल्याला जाग येणार. तेव्हा आमच्याकडं घरोघर असं ठेवायचे. हळूहळू सगळ्यांनी सोडलं, मी सोडलं नाही. लेक भूकंपानंतर तीन वर्षांनी झाली. तिला लहानपणी वाटायचं की तांब्याचं झाकण असंच असतं. मोठी झाल्यावर हसायला लागली. "आई, तू उतरंड रचून राहिलीस का परत?" म्हणायची.

ती आर्किटेक्ट झाली हे ठीकच झालं. पण तिनं नवी घरं बांधायची सोडून जुनी घरं दुरुस्त करायचं काम धरलं. जुन्या गावात तीन खणांचं एक पडीक घर भाड्यानं घेतलं, दुरुस्त केलं, आणि दर रविवारी सकाळी हौशी लोकांना घेऊन गोदावरीच्या घाटापासून गल्लीबोळांतून दोन तास फिरवायला लागली. फेरीचा शेवट तिच्याच घरात. मला वाटायचं, हिला भीती म्हणून कशी ती नाहीच. जिच्या आईनं ते बघितलं, ती पोरगी त्याच दगडमातीखाली सुखानं झोपते कशी? खरं सांगायचं तर मला तिचा राग यायचा.

मग तिला दिवस गेले, आणि माझ्या रीतीची मुदत संपत आली. पाचव्या महिन्यात तिचा फोन आला. "आई, बाळंतपणाला मी लातूरला येणार नाही. डॉक्टरीणबाई इथल्या, काम इथलं. तूच दोन महिने इकडं ये."

"बघू," मी म्हणाले.

पुढच्या फोनला पुन्हा बघू. तिसऱ्या फोनला ती चिडली. "बघू बघू नको करू. हो का न्हाई ते सांग. न्हाई म्हणालीस तर मी दुसरी सोय बघते. पण मला आता कळू दे."

लेकीच्या पहिल्या बाळंतपणाला आई नाही, यापरती नामुष्की नाही. पण दोन महिने त्या माळवदाखाली, आणि तेही तान्हं बाळ घेऊन! मी नाही म्हणायचं ठरवलं. फक्त ते फोनवर सांगवेना. ती म्हणाली, "रविवारी फेरीला ये. चालता चालता बोलू. शेवटी तू ओट्यावर बस, मी काही ओढून नेत न्हाई."

डिसेंबरातला रविवार होता. मी आदल्या दिवशी येऊन यात्रीनिवासात उतरले होते, अर्थातच तिथले खांब बघून. घाटावर आठ जण जमले होते. छत्रपती संभाजीनगरचं एक निवृत्त जोडपं, पाच कॉलेजची पोरं आणि पाठीवर भली मोठी कॅमेऱ्याची पिशवी घेतलेले एक गृहस्थ. मी नववी. "आई आहे असं सांगू नको," मी लेकीला बजावलं. तिनं सगळ्यांना सांगितलं, "ह्या लातूरच्या बाई." बाई म्हणून घ्यायला माझी हरकत नव्हती.

ती चालायला लागली. सहावा महिना, अंगावर सैल कुडता, पायात बूट, आणि आवाज असा खणखणीत की मागच्या पोरालाही ऐकू जावा. वर्गावर असा आवाज लावायला मला पाच वर्षं लागली होती. एका दारावर फारसी अक्षरं कोरलेली होती, ती तिनं दाखवली. एका घराच्या ओट्याला घोडं बांधायची दगडी कडी होती, ती दाखवली. लोक वा वा करत होते, फोटो काढत होते. मी मात्र वेगळीच फेरी करत होते. हा सज्जा पडला तर कुठं पडेल? ही भिंत पोटात फुगलीय, हिच्यापासून लांब चाला. ही गल्ली फार अरुंद, इथं थांबायचं नाही. संभाजीनगरच्या बाईंनी मला विचारलं, "तुम्हाला आवडत नाही का हो?" मी म्हटलं, "आवडतंय ना." आणि गल्लीच्या मधोमध चालत राहिले.

दीड तासात नाही सांगायला मी तीनदा तोंड उघडलं. पहिल्यांदा तिला कुणी प्रश्न विचारला. दुसऱ्यांदा मोटारसायकल आली. तिसऱ्यांदा ती स्वतःच वळून म्हणाली, "आई, दम लागला का तुला?" आणि माझं नाही तसंच राहिलं.

शेवटी तिच्या घरापाशी आलो. मी सवयीनं ओट्याकडं वळले. तेवढ्यात गल्लीतून एक म्हैस आली. नांदेडच्या गल्लीत म्हशीला वाट द्यावी लागते, ती काही आपल्यासाठी थांबत नाही. सगळे एकदम दारात घुसले आणि त्या रेट्यात मीही आत गेले. दीड वर्ष जो उंबरा ओलांडला नाही, तो एका म्हशीपायी ओलांडला.

सगळ्यांनी दाराशीच चपला काढल्या. आत अंधूक आणि गार होतं. डोळे सरावले तसं वर बघितलं. तेच माळवद. काळी लाकडं आणि लाकडांवर माती. लेक खांबाला हात लावून सांगत होती, "हे बघा, हे छत भिंतींवर नाही..." मला पुढचं ऐकू येईना. मी दाराकडं बघत होते. दारात पोरं उभी होती.

तेवढ्यात कोपऱ्यातून खणखण आवाज झाला. पेला, वाटी, चमचे. तीस वर्षं ज्या आवाजाची मी वाट बघत होते, तोच.

"भूकंप! भायेर पळा! पळा रे!"

मी ओरडले ते शाळेतल्या आवाजात नाही, माहेरच्या आवाजात. लेकीच्या दंडाला धरलं आणि तिला पोटासकट जवळजवळ उचलूनच बाहेर आणलं. एक पळाला की सगळे पळतात. आठच्या आठ जण गल्लीत, अर्धे अनवाणी. संभाजीनगरचे गृहस्थ बायकोच्या चपला घालून आले होते. शेजारची खालाही बाहेर आली. "क्या हुआ? क्या हुआ?"

काहीच झालं नव्हतं. गल्ली जागच्या जागी होती. म्हैस पुढच्या वळणावर उभी राहून शांतपणे शेण टाकत होती. कॅमेऱ्यावाले गृहस्थ ओशाळून म्हणाले, "माफ करा, माझ्या पिशवीचा धक्का लागला. कोनाड्यात तांब्या होता, त्याच्यावरची भांडी पडली."

पोरं हसायला लागली. मला धरणीनं पोटात घ्यावं असं वाटलं. म्हणजे तसं नाही, पण लाज वाटली.

मग एकदम डोक्यात आलं. तांब्यावरची भांडी?

लेक आत गेली आणि ती भांडी घेऊन बाहेर आली. तांब्या मी रुखवतात दिलेला. पेला, वाटी, दोन चमचे. ती माझ्याकडं बघेना.

"हे इथं कशाला ठिवलंस?" मी विचारलं.

"तू ठिवायचीस म्हणून."

"तू तर हसायचीस मला."

"हसायची. पण भ्या वाटायचंच की, आई." ती हळू आवाजात बोलत होती, पण गल्ली गप्प झाल्यामुळं सगळ्यांना ऐकू जात होतं. "लहानपणापासून तुला दाराकडं बघताना बघतेय मी. मला काय वाटत नसंल का? म्हणून तर हे काम धरलं. हे घर घ्यायच्या आधी चार महिने एकेक लाकूड ठोकून बघितलं. वरची माती निम्म्यानं उतरवली. भिंत फुटू नये म्हणून तिच्यात जागोजागी आरपार दगड घातले. हे छत लाकडाच्या खांबांवर हाय, आई. भिंत पडली तरी छत उभं राहतंय. तुझ्या माहेरी ते भिंतींवर होतं."

"मग मला का न्हाई सांगितलंस?"

"तू आत आलीस का कधी?"

मी तिला बेफिकीर समजत होते आणि ती माझ्याइतकीच भित्री निघाली. मला इतकं हायसं वाटलं की डोळ्यांत पाणी आलं. धीट माणसानं तपासलेल्या घरावर मी जन्मात विश्वास ठेवला नसता. पण भित्र्या माणसानं चार महिने तपासलेलं घर वेगळं. त्याची नजर कुठं कुठं जाते ते मला चांगलं ठाऊक आहे.

"चल, दाखव," मी म्हणाले.

आणि फेरीचा उरलेला भाग त्या दिवशी माझ्यासाठी झाला. बाकीचे मागं उभे राहिले. आठ खांब होते. मी प्रत्येकाला बोटाच्या पेरांनी ठोकलं, नारळवाल्याकडं नारळ ठोकून बघावा तसं. एकाचा आवाज जरा पोकळ आला. लेक म्हणाली, "त्यालाच शेजारी नवा दिलाय, बघ." दिला होता. वर जाऊन माती किती ते बघितलं. मागचं दार किती पावलांवर आहे ते मोजलं. सात पावलं. बाळ घेऊन आठ. मग संभाजीनगरच्या बाईंनी विचारलं, "तुम्ही ह्यांच्या कोण?"

"आई," मी म्हणाले. "बाळंतपणाला येणार आहे. होळीच्या सुमाराला."

लेक खांबाशी उभी होती. तिनं ओढणीनं तोंड पुसलं आणि लोकांना म्हणाली, "चला, फेरी संपली. चपला ज्याच्या त्यानं घाला."

ती त्यांना कोपऱ्यापर्यंत सोडायला गेली. मी आत एकटीच राहिले. तहान लागली होती. तांब्यात तिनं ताजं पाणी भरून ठेवलं होतं. मी पेलाभर प्यायले, मग आणखी अर्धा. नंतर सतरंजी ओढून घेतली आणि जरा पाठ टेकली. वर काळी लाकडं होती, त्यावर माती होती. मी ती मोजायला लागले आणि कितव्या लाकडाला डोळा लागला ते कळलं नाही.

जाग आली तेव्हा जावई स्वयंपाकघरात आवाज न करता भांडी काढत होते आणि लेक माझ्या पायाशी बसून होती. "घोरत होतीस," ती म्हणाली.

संध्याकाळच्या गाडीला निघताना मी पेला तांब्यावर पालथा ठेवला, त्यावर वाटी, वाटीत चमचे. असू दे, दोघींना बरं. मग बाहेर आले आणि ओट्यावर टेकून चपला घालायला लागले. खाला तिच्या दारात बसून लसूण सोलत होती. तिनं मला आतून बाहेर येताना बघितलं आणि हातातली पाकळी तशीच राहिली.

"मन्नत पुरी झाली वाटतं, बाई?"

"हाव," मी म्हणाले. "झाली."