नानामामांनी माझे पाय धरले

नानामामांनी माझ्या लग्नाला होकार दिला, तेव्हा त्यांचे तोंड माझ्या पावलांकडे होते आणि पाठ छताकडे.

नानामामा म्हणजे माझ्या आईचे थोरले बंधू. वडील लवकर गेल्यामुळे आई, मी आणि धाकटी बहीण कुंदा अशी आम्ही तिघे रायपूरच्या गुढियारीत त्यांच्याच छत्राखाली वाढलो. मामा रेल्वेच्या मालधक्क्यावरून निवृत्त झाले होते. परंतु मालगाड्यांवर चालणारी त्यांची हुकमत काही निवृत्त व्हायला तयार नव्हती. ती घरी येऊन राहिली. भाजी कोणती आणायची, खिडकी किती उघडायची, कोणी कोणत्या कुशीवर झोपायचे, हे सारे मामाच ठरवीत. (माझ्याकडे डावी कूस होती.)

त्यांच्या राज्यातला पहिला कायदा पाया पडण्याचा. परीक्षेला जाताना पाया पडायचे, हापिसात जाताना पडायचे. इतकेच काय, केस कापायला जातानाही पडायचे आणि कापून आल्यावर पुन्हा! मामा आरामखुर्चीत बसून पाय किंचित पुढे सारत आणि वर्तमानपत्र न हलवता "हं" म्हणत. त्या "हं"मध्ये आयुष्य, यश, कीर्ती असे सर्व आशीर्वाद एकवटलेले आहेत, असे आई सांगे.

अशा शिस्तीत मी चाळिशीच्या उंबरठ्यापर्यंत अविवाहित पोहोचलो, आणि तेवढ्यात छत्तीसगढचे नवे राज्य झाले! रायपूर राजधानी झाले. काल ज्या चौकात गायी बसत, तेथे आज लाल दिव्यांच्या गाड्या थांबू लागल्या. (गायी उठेपर्यंत.) माझी बदली एका नव्या खात्यात झाली. खाते इतके नवे होते की माणसे आली, पण टेबले यायची होती. त्यामुळे एका टेबलाच्या दोन बाजूंना दोघे बसत. माझ्या समोरच्या बाजूला पुरानी बस्ती भागातली छत्तीसगढी उर्मिला बसे.

पुढचे सर्व तिनेच केले. मी वर्षभर शिक्क्यांचे शाईपॅड तिच्याकडे सरकवत राहिलो, तेव्हा एक दिवस ती म्हणाली, "सुधाकरजी, आप कभी बोलेंगे, या मैं ही बोल दूँ?"

मी म्हणालो, "जी."

उर्मिलाच्या घरी सर्व सत्ता तिच्या आजोबांकडे, म्हणजे बबांकडे होती. ठरले असे, की रविवारी बबा आणि तिचे वडील आमच्याकडे येतील, घर पाहतील आणि पसंत पडले तर बोलणी तेथेच पक्की करतील. शुक्रवारी टेबलाच्या पलीकडून तिने मला बजावले, "एक ही बात याद रखना. बबा के सामने मामाजी के पाँव मत छूना!"

रायपुरात वाढलेला असल्यामुळे मला कारण ठाऊक होते. छत्तीसगढी लोकांची श्रद्धा अशी, की कौसल्या इथली लेक; म्हणून राम हा साऱ्या मुलखाचा भाचा. तेव्हापासून इथे भाचा म्हणजे साक्षात देव! भाचा कितीही लहान असो, पांढऱ्या मिशांचा मामा वाकून त्याच्या पाया पडतो. भाच्याकडून पाया पडून घेणे हे मात्र घोर पाप. आमच्या शेजारचे काका तर पाळण्यातल्या भाच्याला नमस्कार केल्याशिवाय दुकान उघडत नसत. मामा हे पाहून दरवेळी म्हणत, "ह्याईचं सगळं उलटंच आहे बुवा!"

"बबा ने देख लिया न," उर्मिला म्हणाली, "तो चाय भी नहीं पिएँगे. रिश्ता गया समझो. आज ही मामाजी को बता देना."

मी म्हणालो, "जी."

आता मामांना सांगायचे! शनिवारी सकाळी मी त्यांच्या खुर्चीपाशी गेलो.

"मामा, उद्याच्या बाबतीत एक नम्र सूचना..."

"सूचना? मले?" वर्तमानपत्र खाली आले. मामांचा चेहरा दिसणे ही आमच्या घरात गंभीर घटना होती.

"नाही, म्हणजे... पायांच्या संदर्भात..."

"काहून? पाय दुखून राहिले का तुहे? मामीले सांग, तेल दे म्हणा."

मी तेल घेऊन परत आलो. दुपारी पुन्हा गेलो. तेव्हा पंखा पुसायला लावले. संध्याकाळी गेलो, तर म्हणाले, "बरा आला. पाय पड अन् फिरून ये." मी पाया पडलो आणि फिरून आलो.

शेवटी मीच एक युक्ती योजली. पाहुणे आले की दोन्ही हातांत फराळाचा भरलेला ट्रे धरायचा आणि तो शेवटपर्यंत सोडायचा नाही! हात रिकामे नसलेल्या मनुष्याला पाया पडता येत नाही, हे शास्त्र मामांनाही मान्य करावेच लागेल.

रविवारी पाहुणे आले. बबा म्हणजे पांढरे स्वच्छ धोतर, खांद्यावर गमछा आणि मामांच्याइतकाच करडा आवाज. उर्मिलाचे वडील त्यांच्यामागे असे उभे, की मला एकदम जवळचे वाटले. मामा बंद गळ्याचा कोट घालून बसले होते. दोन महापुरुषांनी एकमेकांना जोखले आणि गप्पा सुरू झाल्या.

"इस उमर में भी आप बिल्कुल सीधे बैठते हैं," बबा कौतुकाने म्हणाले.

"रेल की पटरी है!" मामांनी स्वतःच्या पाठीवर थाप मारली. "आज तक न झुकी, न अकड़ी!"

(दाराआड मामी खोकल्या. मामांच्या पटरीला तेल चोळण्याचे खाते त्यांच्याकडे होते.)

एवढ्यात मी ट्रे घेऊन आत शिरलो. बेसनाचे लाडू, चिवडा, चार वाट्या, चार पेले! युक्ती चोख होती. मी भिंतीला टेकून उभा राहिलो.

"असा काय खांबासारखा उभा?" मामा गरजले. "ट्रे ठेव तिथं, अन् पाय पड!"

"मामा, ट्रे जड आहे..."

"जड आहे म्हणूनच म्हणतो, ठेव! पाहू दे त्याईले, आपल्या घरचे संस्कार काय आहेत थे!" आणि पाहुण्यांकडे वळून अभिमानाने, "देखिए, चालीस का हो रहा है, पर बिना पाँव छुए घर से निकलता नहीं!"

बबांचा हात चिवड्याकडे निघाला होता, तो वाटेतच थांबला. मी उर्मिलाचे शब्द आठवले, देवाचे नाव घेतले, ट्रे तिपाईवर ठेवला... आणि पाया पडलो. काय करणार! मामांचे पाय पुढे सरकले, की माझी पाठ आपोआप वाकते. त्यात माझा सल्ला कोणी घेत नाही.

"राम-राम-राम!" बबा ताडकन उठले. "ए का करत हव? भांचा से पाँव परवाते हैं आप?"

"तो क्या मैं परूँ?" मामांनी हसत विचारले.

"हव!" बबा गरजले. "कौसल्या माता इहाँ की बेटी! राम हमारे भांचा! भांचा का पाँव मामा परता है. अभी परिए, तो पाप कटेगा. नहीं तो हमारी नोनी इस घर में नहीं आएगी!"

मामांचे हसू मावळले. साऱ्या आयुष्यात त्यांना कोणी असा हुकूम सोडला नव्हता. ते सावरले आणि त्यांनी आपल्या परीने पुराणाचा आधार शोधला.

"ऐसा है क्या? तो बताइए, कंस मामा ने कभी कृष्ण के पाँव पकड़े थे?"

"अवो," दाराआडून मामींचा आवाज आला, "मामाच पाह्यजे होता तं जरा बरा तरी पाहाचा!"

"तू चूप राय!"

"कंस के घर हम बेटी नहीं देते," बबांनी निकाल दिला आणि गमछा झटकला. "चल रे!" उर्मिलाचे वडील मुकाट्याने उठले. त्यांनी माझ्याकडे एकदा हताशपणे पाहिले. आज्ञाधारक माणसांची नजर एकमेकांना लगेच कळते.

माझे लग्न दाराकडे चालत निघाले होते! आई रडवेली होऊन म्हणाली, "दादा, पोराचा विचार करा नं!"

"जाऊ दे! मी नाई वाकत! उलटा कारभार!"

मी ठरवले: आता तरी बोलायचे. मी आवेशाने पुढे झालो, तोंड उघडले, आणि माझा कोपर ट्रेला लागला. लाडू, चिवडा, वाट्या, पेले, सारे एकदम जमिनीवर! एक लाडू टुणटुण उड्या मारत थेट माझ्या पावलांशी आला.

"अन्न पायदळी!" मामा ओरडले. अन्नाचा कण पायाखाली जाणे हा आमच्या घरातला दुसरा मोठा गुन्हा. मी पाय उचलण्याच्या आधीच मामा खुर्चीतून झेपावले आणि लाडू वाचवण्यासाठी खाली वाकले.

"कट्ट" असा आवाज आला. तो लाडवाचा नव्हता.

मामा वाकले ते वाकलेलेच राहिले! पडू नये म्हणून त्यांनी हाती लागेल ते धरले. हाती लागले ते माझे दोन पाय.

"मामा?"

"सुध्या," खालून दबलेला आवाज आला, "हलू नको. हललास तं याद राख."

बबा उंबरठ्यावर होते. आवाज ऐकून त्यांनी मागे वळून पाहिले. बंद गळ्याचा कोट घातलेला तो कर्ता पुरुष भाच्याचे दोन्ही पाय घट्ट धरून मस्तक लववून उभा होता! बबांच्या हातून गमछा गळाला.

"हव!" ते पुटपुटले. "ये हुई न बात! उठिए मामाजी, हो गया. पाप कट गया."

मामा उठले नाहीत.

"अरे, अब तो उठिए!"

मामा उठले नाहीत. एक हुंकार मात्र आला.

"देख रे, देख!" बबा गहिवरून म्हणाले. त्यांनी मुलाला पुढे ओढले. "इसको कहते हैं सरधा! उठ ही नहीं रहे हैं!"

मामी लगबगीने आल्या. एका नजरेत त्यांनी सारे ओळखले. पदराने तोंड झाकून त्या खाली वाकल्या आणि नवऱ्याच्या कानाशी कुजबुजल्या. मला वरून प्रत्येक शब्द ऐकू येत होता.

"काय सांगू त्याईले? कंबर धरली म्हणू, का पाय धरले म्हणू?"

माझ्या पावलांवरची पकड घट्ट झाली. मामांच्या आयुष्यातला तो सर्वांत बिकट प्रश्न होता. कंबर म्हणावे, तर ती कधीही न अकडणारी रेल्वेची पटरी लटकी ठरते! पाय म्हणावे, तर भाच्यापुढे वाकल्याची नोंद इतिहासात होते! त्यांनी एक शब्द उच्चारला की माझा संसार उभा राहणार होता, दुसरा उच्चारला की कोसळणार होता. आणि मी काहीच करू शकत नव्हतो. मला तर हलायचीही परवानगी नव्हती!

मग जमिनीलगतून क्षीण उत्तर आले.

"...पाय."

मामी ताठ उभ्या राहिल्या. "आमच्या इनका ऐसाच है," त्या बबांना गंभीरपणे म्हणाल्या, "एक बार भांचे के पाँव पकड़े, कि छोड़तेच नहीं."

"तो रिश्ता पक्का समझें?" बबांनी डोळे पुसत विचारले.

"पक्का!" खालून आवाज आला. "तुरंत पक्का! अब आप लोग आराम से घर जाइए!"

पण बबा कसले जातात! जावयाच्या पाया पडायचीही त्यांच्यात रीत असल्याने उर्मिलाचे वडील हात जोडून पुढे आले. ते डावीकडून वाकले, उजवीकडून वाकले. पण पायांवर जागाच शिल्लक नव्हती. अखेर त्यांनी माझ्या गुडघ्यावर भागवले.

पाहुणे गेल्यावर आई, मामी आणि मी, आम्ही तिघांनी मामांना जसेच्या तसे उचलून पलंगावर नेऊन ठेवले. "गल्लीत कोणाले समजलं तं पाहा!" एवढेच ते बोलले. परंतु गुढियारीत बातमीला तिकीट लागत नाही. दुसऱ्याच दिवसापासून माणसे दर्शनाला येऊ लागली. "धन्य हैं मामाजी! मराठी होकर भी!" कोणी नारळ ठेवी, कोणी फुले. मामा पहिल्या दिवशी चडफडले, दुसऱ्या दिवशी गप्प बसले आणि आठवडा संपेपर्यंत त्यांचा स्वतःच त्यावर विश्वास बसला! "भाच्याचे पाय धराले काळीज लागते," ते उशीला टेकून सांगू लागले. "येरागबाळ्याचं काम नाही थे."

लग्न थाटात झाले. मंडपात मामांनी माझ्या पाया पडण्याची तयारी दाखवली, तेव्हा मामींनीच त्यांना दोन्ही दंड धरून आवरले.

वर्षभराने, माझ्या आधीच सासरी गेलेल्या कुंदाला मुलगा झाला आणि बारशाला सारे गणगोत जमले. बबा मानाच्या जागी, शेजारी मामा. दोघांचे आता असे जमले होते, की हुकूम एकाने सोडावा आणि मान दुसऱ्याने डोलवावी. निघायच्या वेळी मी रिवाजाप्रमाणे मामांच्या पाया पडायला गेलो, तर त्यांनी हाताने थांबवले. मला वाटले, अखेर सुटलो!

"सुध्या, तू आता मामा झाला," ते पाळण्याकडे बोट दाखवून म्हणाले. "आधी त्याच्या पाया पड. मंग माह्या पड."

"हव," बबा म्हणाले.

उर्मिलाने माझ्याकडे पाहिले. मी म्हणालो, "जी," आणि पाळण्यापाशी वाकलो. भाच्याने झोपेतच माझ्या कपाळावर एक लाथ मारली. तो आशीर्वाद समजून मी मामांकडे वळलो. आमच्या घरात तेव्हापासून दोन्ही परंपरा गुण्यागोविंदाने नांदतात. माझ्या वाट्याला मात्र दोन्हींतले पायच आले.